शुक्रवार संध्याकाळचं विमान : केनेडींच्या शेवटच्या सहलीचा प्रकरण अभ्यास

१६ जुलै १९९९, शुक्रवार. न्यू जर्सीतल्या काल्डवेलजवळच्या एसेक्स काउंटी विमानतळावरून रात्री ८ वाजून ३८ मिनिटांनी एका इंजिनाचं, सहा आसनी पायपर साराटोगा विमान उडालं. चालवत होते विमानाचे मालक, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनियर, वय ३८. सोबत पत्नी कॅरोलिन आणि मेहुणी लॉरेन बेसेट. दुसऱ्या दिवशी मॅसॅच्युसेट्समधल्या हायनिसपोर्टला जॉन यांची चुलतबहीण रोरी हिचं लग्न होतं. वाटेत लॉरेनला मार्थाज व्हिनयार्ड बेटावर उतरवायचं आणि नवराबायकोने पुढे हायनिसला जायचं, असा बेत. ९ वाजून ४१ मिनिटांच्या सुमारास, बेटाच्या गे हेड टोकापासून साडेसात मैलांवर, विमान समुद्रात कोसळलं. तिघंही गेले.

या अपघातावर त्या काळी छापून आलेल्या मजकुरातला बराचसा भाग ‘केनेडी घराण्याला लागलेला शाप’ याच सुराचा होता. त्या शापाची चर्चा इथे नको. नावं बाजूला ठेवली तर उरतो तो अगदी नेहमीचा वीकएंड: स्वतःचं छोटं विमान, आठवडाभराची कामं आटोपून निघालेली माणसं, घरचं कार्य, वाटेत एकीला सोडायचं. अमेरिकेत उन्हाळ्यातल्या कुठल्याही शुक्रवारी अशी कितीतरी विमानं उडतात आणि सुखरूप पोहोचतात. हे का पोहोचलं नाही?

अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने (एनटीएसबी) वर्षभराने, जुलै २००० मध्ये, निष्कर्ष जाहीर केला. रात्री पाण्यावरून खाली उतरत असताना वैमानिकाचा विमानावरचा ताबा सुटला, कारण दिशाभ्रम, त्याला हातभार लावणारे घटक धुरकट हवा आणि काळोखी रात्र. अवशेषांच्या तपासणीत विमानात आधीपासूनचा कुठलाही बिघाड सापडला नाही. वैमानिकाचा परवाना वैध होता. हवामानही नियमाने उडण्याजोगं होतं. कुठलाही नियम मोडल्याचं पुढे आलं नाही आणि तिघांचा जीव गेला, म्हणूनच हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: दिवसाउजेडी पोहोचायचं म्हणून आखलेलं उड्डाण उशीर होत होत रात्रीचं झालं, पण रात्रीचं म्हणून ते कुणी नव्याने आखलंच नाही.

विमान कशासाठी

छोट्या विमानाची ओढ समजायला हा प्रवास चांगला नमुना आहे. काल्डवेलहून मार्थाज व्हिनयार्ड हवाई मार्गाने तीनशे किलोमीटरच्या आसपास. साराटोगाला सव्वा तास पुरतो. गाडीने जायचं तर किनाऱ्याकिनाऱ्याने पाच तास, उन्हाळ्यातल्या शुक्रवारी त्याहून जास्त, आणि बेटावर जायला वर फेरी बोट. शुक्रवारी संध्याकाळी निघून जेवायला पोहोचायचं आणि रविवारी रात्री परत घरी, हे विमानाशिवाय जमत नाही. केनेडींनी अपघातापूर्वीच्या पंधरा महिन्यांत या पट्ट्यात सुमारे ३५ फेऱ्या केल्या होत्या. त्यातल्या १७ हून अधिक प्रशिक्षकाविना, आणि निदान पाच रात्रीच्या. म्हणजे रस्ता पायाखालचा होता. हौशी वैमानिकाचा ‘पोहोचू की, नेहमीचंच आहे’ हा भरवसा इथूनच येतो, आणि तो अगदीच पोकळ असतो असंही नाही.

आता त्या भरवशाची दुसरी बाजू. खासगी परवाना मिळून त्यांना सव्वा वर्ष झालं होतं. एकूण उड्डाण सुमारे ३१० तास, त्यातले ५५ रात्रीचे. हौशी वैमानिकासाठी हे आकडे वाईट नाहीत. पण साराटोगा त्यांनी एप्रिल १९९९ मध्येच घेतलं होतं. आधीच्या सेस्ना १८२ पेक्षा हे विमान वेगवान, चाकं आत ओढून घेणारं. त्यावर त्यांचे तास झाले होते सुमारे ३६, आणि शेजारी प्रशिक्षक नसताना फक्त तीन. त्या तिनातला रात्रीचा वेळ पाऊण तासाच्या आसपास. प्रशिक्षकाविना या विमानातून केलेलं शेवटचं उड्डाण २८ मेचं. त्यानंतर जूनच्या सुरुवातीला त्यांच्या डाव्या पायाचा घोटा मोडला, शस्त्रक्रिया झाली. पायावरचा आधारबूट अपघाताच्या आदल्या दिवशी निघाला होता.

३१० तासांचा अनुभवी वैमानिक आणि या विमानात रात्री एकट्याने पाऊण तास काढलेला वैमानिक, हा एकच माणूस. त्या शुक्रवारी उपयोगी पडणार होता तो दुसरा आकडा.

उशीर

दुपारी एकच्या सुमारास केनेडींनी विमानतळावर फोन करून विमान तयार आहे ना, याची खात्री केली. साडेपाच ते सहाच्या दरम्यान येतो, असं सांगितलं. त्या दिवशी तिथे सूर्यास्त साडेआठच्या जरासा आधी. सहाला येऊन साडेसहाला निघाले असते तर पावणेआठला, अजून ऊन असताना, बेट समोर दिसलं असतं.

लॉरेन मॅनहॅटनमध्ये नोकरी करत होती. ती कामावरून सुटून येणार. शुक्रवार संध्याकाळ, शहराबाहेर पडणाऱ्या गाड्यांची गर्दी. तिघं जमून विमानतळावर पोहोचेपर्यंत आठ वाजून गेले. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा सूर्य मावळून दहा-बारा मिनिटं झाली होती.

यात कुणाचा दोष काढायचा? कुणाचाच नाही. कामावरून निघायला उशीर होणं, रस्त्यात अडकणं, एकमेकांसाठी थांबणं, कुटुंबाचा प्रवास असाच होतो. गाडीने निघालेल्यांना उशीर झाला तर ते उशिरा पोहोचतात, एवढंच. छोट्या विमानाच्या बाबतीत दोन तासांच्या उशिराने प्रवासाची जातच बदलते. उजेडात किनारा, क्षितिज, बेट नुसत्या नजरेने दिसतं. अंधारात त्याच रस्त्यावर नजरेला टेकायला काही उरत नाही. साडेसहाचं उड्डाण आणि पावणेनऊचं उड्डाण यांचा मार्ग, विमान, प्रवासी सगळं सारखं. लागणारं कौशल्य मात्र वेगळं.

त्याच दिवशी एका प्रशिक्षकाने, मी सोबत येतो, असं केनेडींना सुचवलं होतं. त्यांनी, हे मला एकट्याने करायचंय, असं सांगून नकार दिला. विमान सहा आसनी, माणसं तीन. जागेचा प्रश्न नव्हता. दोनच आठवड्यांपूर्वी, १ जुलैच्या रात्री, पायाला आधार बांधलेला असताना ते याच विमानातून याच बेटावर प्रशिक्षकासोबत गेले होते. तेव्हा ढग पार खाली उतरलेले होते आणि ते उड्डाण नीट पार पडलं. या नकाराकडे अहंकार म्हणून बोट दाखवणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. पायाच्या दुखण्यातून नुकताच मोकळा झालेला माणूस, नवं विमान, बायको आणि मेहुणी सोबत. आता आपलं आपण न्यावं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण तो नकार त्यांनी नेमकं कुठलं उड्डाण डोळ्यांपुढे ठेवून दिला, हा प्रश्न उरतोच.

जमिनीवरून दिसणारी हवा

या प्रकरणातली सगळ्यात फसवी गोष्ट हवामान. वादळ नाही, पाऊस नाही. साडेसहाच्या सुमारास केनेडींच्या खात्यावरून इंटरनेटवर हवामानाची चौकशी झाली. मार्गावरच्या नोंदींत दृश्यमानता चार ते दहा मैल, कुठे कुठे धुरकट. नजरेच्या भरवशावर उडणाऱ्यांसाठी अमेरिकी नियमात तीन मैल पुरतात. कागदावर सगळं बसत होतं. मार्थाज व्हिनयार्डच्या नियंत्रण मनोऱ्यातल्या माणसाने तर नंतर सांगितलं, की उतरणाऱ्या विमानांना दहा-बारा मैलांवरून विमानतळ दिसत होता.

पण त्याच रात्री त्या भागातून गेलेल्या दुसऱ्या एका वैमानिकाने तपासात सांगितलेली गोष्ट ऐका. तो नॅन्टकेट बेटाकडे चालला होता. मार्थाज व्हिनयार्डच्या दिशेने नजर टाकली तर एकही दिवा दिसेना. त्याला वाटलं, बेटावरची वीज गेली असावी. तो ढगात नव्हता, धुक्यात नव्हता, तरी टेकायला क्षितिज नव्हतं. आणखी एकाने एसेक्सहून मार्थाज व्हिनयार्डला जायचा स्वतःचा बेत हवा बरी नाही म्हणून त्या संध्याकाळी रद्द केला होता.

दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. दृश्यमानता म्हणजे दिवा किंवा इमारत किती अंतरावरून ओळखता येते त्याचं माप. क्षितिज दिसतंय का, हे त्यात येत नाही. पाच मैलांवरचा दिवा दिसेल अशी हवा असली तरी त्या पाच मैलांत दिवाच नसेल, तर समोर नुसता काळा पडदा. समुद्रावर दिवे नसतात. चंद्राची कोर त्या रात्री क्षितिजापासून जेमतेम साडेअकरा अंश वर, १९ टक्के प्रकाशाची, आणि तीही पश्चिमेला. विमान पूर्वेला चाललेलं. चंद्र होता, पण पाठीमागे.

किनाऱ्याचा आधार कुठवर होता तेही पाहण्यासारखं आहे. रडारवरच्या नोंदींनुसार विमान ५,५०० फुटांवरून कनेक्टिकटच्या किनाऱ्याला धरून गेलं. तोवर डाव्या हाताला गावांच्या दिव्यांची माळ होती, आणि आडवी दिव्यांची रेघ म्हणजे जवळपास क्षितिजच. ऱ्होड आयलंडमधल्या पॉइंट ज्युडिथनंतर मात्र विमान किनारा सोडून सरळ बेटाकडे निघालं, जवळजवळ तीस मैल उघड्या पाण्यावरून. केनेडींसोबत पूर्वी उडालेल्या एका प्रशिक्षकाचं मत अहवालात आहे: क्षितिज दिसत असेल तोवर रात्री मार्थाज व्हिनयार्डला जाण्याची त्यांची क्षमता होती. त्या मताची अट पॉइंट ज्युडिथपाशी संपली.

शेवटची तीन मिनिटं

बेटाच्या पश्चिमेला सुमारे ३४ मैल उरले असताना विमान खाली उतरायला लागलं. वेग साधारण १६० नॉट (ताशी सुमारे ३०० किलोमीटर), उतरणं मिनिटाला ४०० ते ८०० फूट. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं. ९:३८ च्या सुमारास ते उजवीकडे, दक्षिणेला वळलं. वळायचं काही कारण दिसत नाही. बेट समोर होतं. अर्ध्या मिनिटाने २,२०० फुटांवर उतरणं थांबलं आणि विमान पुन्हा चढू लागलं. २,५०० च्या वर जाऊन डावीकडे वळलं, परत खाली. मग पुन्हा उजवीकडे, आणि या वेळी पंख कलतच गेले. कल ४५ अंशांपलीकडे, उतरणं मिनिटाला ४,७०० फुटांहून जास्त. रडारची शेवटची नोंद ९ वाजून ४० मिनिटं ३४ सेकंदांची, उंची ११०० फूट. त्या गतीने पाणी गाठायला पंधरा सेकंदही लागत नाहीत.

आत काय वाटत असेल, ते कानाच्या रचनेवरून सांगता येतं. आपल्या अंतःकर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये द्रव असतो. डोकं वळलं की तो मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण कळतं. पण वळण एकाच गतीने दहा-वीस सेकंद चालू राहिलं की द्रवही त्याच गतीने फिरू लागतो, आणि वळण जाणवेनासं होतं. फार सावकाश सुरू झालेलं वळण तर मुळात जाणवतच नाही. डोळ्यांना क्षितिज दिसत असेल तर ते ही चूक लगेच दुरुस्त करतात. क्षितिज नसेल तर कललेलं विमान सरळ वाटतं, आणि सरळ केलं की उलट बाजूला कलल्यासारखं. कललेल्या विमानाचं नाक आपोआप खाली जातं, वेग वाढतो. उंची कमी होतेय म्हणून वैमानिक दांडा मागे ओढतो. पंख कललेलेच असल्याने त्यातून उंची मिळत नाही, वळण मात्र आणखी आवळलं जातं. अशा वेळी उपाय एकच. शरीर सांगतंय ते खोटं मानायचं, समोरच्या उपकरणांच्या तबकड्या सांगतात ते खरं मानायचं, आणि आधी पंख सपाट करायचे. सांगायला दोन ओळी, पण हे अंगवळणी पडायला महिने लागतात. केनेडींनी त्याचं शिक्षण सुरू केलं होतं. उपकरणांवरच्या उड्डाणाच्या २५ पाठांपैकी १२ झाले होते.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात या शिक्षणाविना उडणाऱ्या २० वैमानिकांवर एक प्रयोग झाला होता. बाहेरचं दिसणं बंद केल्यावर वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. त्याच प्रयोगाची पुढची बाजू फारशी सांगितली जात नाही: थोड्या तासांच्या शिकवणीनंतर त्यांतले बहुतेक जण उलट वळून बाहेर पडण्याएवढा वेळ विमान सांभाळू लागले. म्हणजे बारा पाठ फुकट नव्हते. पण उतरताना कामं एकावर एक येतात. उंची सोडायची, विमानतळाची माहिती रेडिओवर ऐकायची, काळोखात बेट शोधायचं, पुढे मनोऱ्याशी बोलायचं. नजर तबकड्यांवरून हटायला तेवढं पुरतं.

विमानात ऑटोपायलट होता, चांगल्या प्रतीचा. दिशा आणि उंची धरून ठेवणारा. केनेडींना तो हाताळता येत होता, असं सोबत उडालेल्या प्रशिक्षकांचं म्हणणं. उतरणं सुरू व्हायच्या आधी तो चालू असेल तर तसाच ठेवणं, ही त्या तीस मैलांतली सगळ्यात स्वस्त सोय होती.

नाही कोण म्हणणार

तांत्रिक कारण इथे संपतं. वीकएंडला कुटुंब घेऊन उडणाऱ्यांच्या कामाचा भाग इथून पुढे आहे.

अमेरिकेतल्या विमान कंपनीत उड्डाण निघायचं की नाही, हे एकटा कॅप्टन ठरवत नाही. जमिनीवर बसलेल्या डिस्पॅचरचीही संमती लागते, आणि त्याला लग्नाला जायचं नसतं. छोट्या विमानात वैमानिक, मालक, नवरा, भाऊ, मेहुणीला बेटावर सोडायचा शब्द दिलेला माणूस, सगळं एकच. प्रवाशांना हवेतलं कळत नाही, आणि कळलं तरी घरच्या माणसाला ‘आज राहू दे’ म्हणणं जड जातं. अमेरिकेची फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशन वैमानिकांना उड्डाणापूर्वी चार गोष्टी तपासायला शिकवते: वैमानिक, विमान, परिस्थिती आणि बाहेरचा दबाव. पहिल्या तीन मोजता येतात. चौथी बहुतेक वेळा आपल्याच माणसांकडून, प्रेमाने येते, म्हणून ती दबाव वाटतच नाही.

पगारी वैमानिक असता तर हे टळलं असतं का? याच घराण्यातलं उदाहरण उलट सांगतं. जॉन यांची आत्या कॅथलीन १३ मे १९४८ रोजी लॉर्ड फिट्झविल्यम यांच्यासोबत छोट्या डी हॅविलँड डव्ह विमानातून फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याकडे सुटीला निघाली होती. चरित्रकारांनी नोंदवल्याप्रमाणे पॅरिसला इंधनासाठी थांबल्यावर मित्रांसोबत जेवण लांबलं. परत आले तोवर पुढे ऱ्होन खोऱ्यात वादळ जमलं होतं. वैमानिकाची निघायची तयारी नव्हती, फिट्झविल्यम ऐकेनात. विमान आर्देशच्या डोंगरात कोसळलं, चौघेही गेले. कॉकपिटमध्ये व्यावसायिक वैमानिक होता; प्रवाशापुढे त्याचं चाललं नाही. दोन्ही प्रसंगांत हवामानाआधी घड्याळ आहे. शापाची गोष्ट सांगणाऱ्यांच्या हातून नेमकं हेच सुटतं.

दुसरं काय करता आलं असतं

आठच्या आधी आणि नंतरही बरेच पर्याय होते, आणि एकही नाट्यमय नव्हता. सोबत यायला तयार असलेल्या प्रशिक्षकाला आधीच हो म्हणणं. पॉइंट ज्युडिथपाशी सरळ पाण्यावर न जाता दिव्यांच्या आधाराने मॅसॅच्युसेट्सचा किनारा धरणं. थोडं लांब पडलं असतं, आणि समुद्रावरचा पट्टा कितीतरी आखूड झाला असता. वाटेत बेट दिसेना म्हटल्यावर किनाऱ्यावरच्या एखाद्या विमानतळावर उतरून रात्र काढणं. लग्न शनिवारी होतं. शनिवारी पहाटे निघून एका तासात पोहोचता आलं असतं. लॉरेनचा बेटावरचा थांबा सोडून सरळ हायनिसला जायचं ठरलं असतं, तरी मार्ग आखण्याची मोकळीक वाढली असती. लग्न महत्त्वाचं म्हणून हे कठीण होतं, असं म्हणतात. मला वाटतं, लग्नापेक्षा ‘आजच पोहोचायचं’ हेच घट्ट धरलं गेलं.

यातले बहुतेक निर्णय हवेत, काळोखात, एकट्याने घेणं अवघड. विमानाजवळ उभं असतानाही अवघड, कारण तोवर सामान चढलेलं असतं. दुपारी एकच्या त्या फोनच्या वेळी मात्र सोपं. ‘साडेसातपर्यंत चाकं उचलली नाहीत तर आज विमान नाही, सकाळी निघू’ एवढं तेव्हाच ठरवून दोघींना सांगितलं असतं, तर उशीर झाल्यावर वाद घालायला काही उरलंच नसतं. वेळ ठरवायची ती निवांत असताना, आणि ती सगळ्यांना माहीत हवी. म्हणजे ‘नाही’ म्हणायचं काम घड्याळ करतं.

नियमांनी अडवलं असतं का? अमेरिकेत खासगी परवान्यातच रात्री उडायची मुभा येते. त्यासाठी प्रशिक्षणात रात्रीचे तीन तास आणि उपकरणांवरचे तीन तास पुरतात. शेजारच्या कॅनडात रात्रीचा दाखला वेगळा घ्यावा लागतो आणि त्यात उपकरणांवरचे दहा तास असतात. एनटीएसबीचा निष्कर्ष त्या एका उड्डाणापुरता आहे, नियमावर नाही. मला कॅनडाची पद्धत जास्त शहाणपणाची वाटते.

आणखी एक गोष्ट, जी या तिघांच्या बाबतीत निरुपयोगी ठरली असती पण दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. केनेडींनी उड्डाण आराखडा दाखल केला नव्हता. नजरेच्या भरवशावरच्या उड्डाणाला तो बंधनकारकही नाही. एसेक्सचा मनोरा सोडल्यावर ते कुठल्याही नियंत्रकाशी बोलले नाहीत. त्यामुळे विमान पोहोचलं नाही, हे यंत्रणेला आपोआप कळायची सोय नव्हती. तटरक्षक दलाला कुटुंबाच्या स्नेह्याचा फोन गेला तो रात्री दोन वाजून गेल्यावर, म्हणजे साडेचार तासांनी. विमानाचे अवशेष २० जुलैला १२० फूट खोल पाण्यात सापडले. इंजिन बंद पडून कुणी पाण्यावर जिवंत उतरलं असतं, तर ते साडेचार तास जीवघेणे ठरले असते. आराखडा दाखल करायला आणि नियंत्रकाला ‘माझ्यावर नजर ठेवा’ म्हणायला अमेरिकेत पैसे पडत नाहीत. तेही करायचं नसेल, तर वाट बघणाऱ्यापाशी पोहोचायची वेळ आणि ती टळून अर्धा तास झाला की फिरवायचा फोन नंबर, या दोन गोष्टी निघण्यापूर्वी लिहून ठेवाव्यात.